चांदीच्या नॅनोचकत्यांवर कोटिंग करूनही डाग पडतात तेव्हा काय तपासायचं

तक्रार नेहमी एकाच साच्यातली असते. काचेवर किंवा क्वार्ट्झवर इलेक्ट्रॉन-बीम लिथोग्राफीने चांदीच्या चकत्यांची जाळी काढली, व्यास 100 ते 150 नॅनोमीटर, उंची 30-40. लिफ्ट-ऑफ (साचा म्हणून वापरलेलं पॉलिमर, म्हणजे रेझिस्ट, विरघळवून त्यावरची नको असलेली चांदी काढणं) बरं झालं, स्पेक्ट्रममध्ये प्लाझ्मॉनचं शिखर (ज्या तरंगलांबीला चांदीतले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर डोलतात ती जागा) हवं तिथे आलं, वर 10 नॅनोमीटर ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड) किंवा 20 नॅनोमीटर सिलिका (सिलिकॉन ऑक्साइड) चढवली. थोडे दिवस सगळं ठीक. मग शिखर लाल बाजूला, म्हणजे लांब तरंगलांबीकडे, सरकायला लागतं, बसकं होतं, आणि मायक्रोस्कोपखाली तपकिरी ठिपके दिसतात. पुढच्या बॅचला कोटिंगची जाडी दुप्पट केली जाते, ठिपके परत येतात, मग चौपट.

जाडी वाढवून हा प्रश्न क्वचितच सुटतो, उलट दोन नुकसानं होतात. चकतीभोवतीचं विद्युतक्षेत्र पृष्ठभागापासून 10-20 नॅनोमीटरमध्येच विरत जातं. 40 नॅनोमीटरचा थर दिला की सेन्सर म्हणून त्या जाळीचा उपयोग जवळजवळ संपतो, कारण जे ओळखायचंय ते क्षेत्राच्या बाहेरच राहतं. शिवाय जाड थरात ताण साठतो आणि तो चकतीच्या कडेवर, म्हणजे सगळ्यात नाजूक जागी, तडकतो. चिली आणि हवाईतल्या जेमिनी दुर्बिणींचे 8.1 मीटरचे आरसे 2004 पासून टप्प्याटप्प्याने संरक्षित चांदीचे झाले. त्यांच्यावरचा सिलिकॉन नायट्राइडचा थर जेमतेम 10 नॅनोमीटरच्या घरातला आहे आणि हे आरसे उघड्या घुमटात वर्षानुवर्षं काम करतात. आरसा सपाट असतो, त्याला उभ्या भिंती नसतात, ही गोष्ट खरी. पण बंद थर असेल तर पातळही पुरतो, हे त्यातून दिसतं. तेव्हा थर किती जाड आहे याआधी तो कुठे उघडा आहे, आणि चांदी कोटिंगच्या आधीच बिघडली होती का, हे दोन प्रश्न सोडवायचे.

आधी डाग कुठे आहे ते बघा

मायक्रोस्कोपच्या डार्क-फील्डमध्ये (फक्त विखुरलेला प्रकाश दिसतो) 50x ने बघा. ब्राइट-फील्डमध्ये सुरुवातीचे डाग सुटतात. जाळीशेजारी काही मिलिमीटरचा सपाट चांदीचा चौकोन मुद्दाम ठेवलेला असेल तर आधी तोच बघा. नसेल तर पुढच्या डिझाइनमध्ये ठेवाच, निम्मं निदान त्याच्यावरच होतं.

सपाट चौकोनावर गोल डाग, मधोमध एक बारीक कण, भोवती रंगीत वलयं: हे सूक्ष्मछिद्र. कोटिंग होताना तिथे धुळीचा कण होता, किंवा ई-बीम इव्हॅपोरेशनमध्ये (इलेक्ट्रॉन बीमने पदार्थ तापवून त्याची वाफ बसवताना) क्रुसिबलमधून उडालेला थेंब होता. चांदी काळी करणारा हवेतला गंधक त्या छिद्रातून शिरून बाजूला पसरतो, म्हणून डाग गोल. चौकोन स्वच्छ पण जाळी बिघडलेली, असं असेल तर दोष भिंतींमध्ये आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर. चिपच्या एका कोपऱ्यात डाग असेल तर चिमट्याची खूण शोधा. कोटिंगनंतर चिप कापली असेल तर कापलेली कड उघडीच असते, तिथून सुरू होणारा काळा पट्टा अपेक्षितच आहे. आधी कापा, मग कोटिंग करा.

आणि सगळीकडे सारखाच फिका पिवळसर रंग, ठिपका एकही नाही? मग थर सच्छिद्र आहे किंवा चांदी कोटिंगखाली जाण्याआधीच खराब झाली होती.

मग शिखर कोणत्या दिशेला सरकलं ते बघा

स्पेक्ट्रम तीनदा घ्यावा लागतो: लिफ्ट-ऑफनंतर लगेच, कोटिंगनंतर लगेच, आणि बिघाड दिसल्यावर. बहुतेकांकडे पहिला आणि तिसरा असतो, मधला नसतो. मग कोटिंगने काय केलं आणि हवेने काय केलं हे वेगळं करताच येत नाही.

कोटिंगनंतर शिखर लाल बाजूला जायलाच हवं. कमी तापमानाला चढवलेल्या ॲल्युमिनाचा अपवर्तनांक 1.6 ते 1.65 च्या आसपास असतो, हवेचा 1, त्यामुळे ही सरक गणिताने आधीच काढता येते. ती अपेक्षेपेक्षा कमी आली, किंवा शिखर उलट निळ्या बाजूला गेलं आणि शिवाय अरुंद झालं, तर चकत्या तापल्या आहेत. चांदी 150-200 अंश सेल्सिअसला वितळत नाही, पण एवढ्या छोट्या आकारात पृष्ठभागावरचे अणू सरकतात, कडा गोल होतात, आतले कण मोठे होतात. हा गंज नाही. एकदा झाल्यावर तो बदल तिथेच थांबतो, आणि पुष्कळ जण त्यालाच खराब कोटिंग समजून नसत्या वाटेला लागतात.

पुढच्या दिवसांत शिखर हळूहळू लाल बाजूला जातंय, रुंद होतंय, उंची घटतेय, तर ते सल्फाइड. चांदीच्या सल्फाइडचा अपवर्तनांक मोठा आहे आणि ते दृश्य प्रकाश शोषतं, त्यामुळे दोन्ही परिणाम एकदम येतात.

शिखर काही नॅनोमीटर मागेपुढे होतंय, दमट दिवशी लाल, एसी जोरात असला की परत, तर थराच्या छिद्रांत पाणी जातंय-येतंय. सॅम्पल रात्रभर कोरड्या नायट्रोजनमध्ये ठेवा आणि बाहेर काढताच मोजा. शिखर मागे आलं तर नक्की. थंड सब्सट्रेटवर (खालच्या काचेवर किंवा क्वार्ट्झवर) ई-बीमने चढवलेल्या सिलिकेत हे हमखास होतं, कारण तो थर खांबाखांबांसारखा वाढतो आणि खांबांमध्ये फटी राहतात.

शिखर जागेवरच आहे, फक्त बुटकं झालंय? मग चकत्या मोजा. काचेवर चांदी मुळातच नीट चिकटत नाही, आणि लिफ्ट-ऑफला सोनिकेटर जोरात चालवला असेल तर ओळीच्या ओळी गायब असतात.

भिंती उघड्या राहतात

सगळ्यात जास्त वेळा सापडतं ते हे. इव्हॅपोरेशनमध्ये वाफ सरळ रेषेत येते. चकतीच्या माथ्यावर आणि खालच्या काचेवर थर बसतो, उभ्या भिंतीवर जवळजवळ काहीच नाही. छत्री घेतली तरी पँटचे पाय भिजतात, तशातलाच प्रकार. 30 नॅनोमीटर उंच चकतीवर 20 नॅनोमीटर सिलिका टाकली तर माथ्यावरचा आणि काचेवरचा थर एकमेकांना भेटतच नाहीत, मधल्या 10 नॅनोमीटरची चांदी सरळ हवेत असते. सब्सट्रेट तिरपा करून फिरवला तर थोडा फरक पडतो. पण जाळी दाट असेल, दोन चकत्यांमध्ये 50 नॅनोमीटरच फट असेल, तर शेजारची चकतीच सावली धरते.

म्हणून भिंतींसाठी ॲटॉमिक लेयर डिपॉझिशन, म्हणजे एएलडी. त्यात वायू आळीपाळीने येतात आणि पोचतील तिथे सगळीकडे एकेक थर बसवतात. दिशेचा प्रश्न उरत नाही.

पण एएलडी करूनही भिंतीच बिघडत असतील तर लिफ्ट-ऑफकडे वळा. रेझिस्टचा एकच थर असेल आणि त्याच्या कडा खालून पुरेशा कोरलेल्या नसतील, तर धातू रेझिस्टच्या भिंतीवरही चढतो. लिफ्ट-ऑफनंतर चकतीच्या कडेला उभे कान राहतात, काही नॅनोमीटर जाडीचे. हे कान पुढे धुताना वाकतात, मोडतात, आणि कोटिंगनंतर मोडले तर तिथला थर फाटतो. मग प्रत्येक चकती कडेवरूनच काळी पडते. उपाय माहितीतलाच आहे: खाली कोपॉलिमर किंवा कमी रेणुभाराचा पीएमएमए (नेहमीचं रेझिस्ट), वर 950के, म्हणजे जास्त रेणुभाराचा पीएमएमए, म्हणजे खालचा थर जास्त विरघळून आत खाच पडते. हे तपासायला सेममध्ये (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) सॅम्पल तिरपं करून बघा, वरून बघितलं तर कान दिसत नाहीत. मात्र जे सेममध्ये गेलं ते पुढे कोटिंगला घेऊ नका. इलेक्ट्रॉन बीमखाली कार्बनचा पातळ लेप बसतो आणि एएलडीची सुरुवात त्यावर नीट होत नाही. बघण्यासाठी वेगळी चिप ठेवा.

एक आडवाट अनेकांना सुचते: रेझिस्ट असतानाच एएलडी करून टाकू, म्हणजे चांदीला हवाच लागणार नाही. तसं करू नका. एएलडीचा थर रेझिस्टच्या खाचेतही सगळीकडे बसतो, ॲसिटोनला आत शिरायला जागाच उरत नाही. आणि पीएमएमए साधारण 105 अंशांना मऊ पडतो, तेव्हा खाचेचा आकारही जातो.

कोटिंगआधीच बिघडलेली चांदी

कोटिंग खोलीत आलेल्या सॅम्पलबद्दल मी पहिला प्रश्न विचारतो तो हा: लिफ्ट-ऑफनंतर ऑक्सिजन प्लाझ्मा मारला का? उत्तर बरेचदा अभिमानाने येतं, हो, रेझिस्ट अजिबात राहू दिलं नाही. सोन्यासाठी हे चालतं. चांदी ऑक्सिजन प्लाझ्मात काही सेकंदांत ऑक्सिडाइझ होते, फुगते, खरखरीत होते. त्यावर उत्तम ॲल्युमिना चढवला तरी आपण ऑक्साइड बंद करून ठेवलेलं असतं. प्लाझ्मा मारायचा तर डेव्हलपिंगनंतर, धातू टाकायच्या आधी, थोडा वेळ. लिफ्ट-ऑफनंतरचं उरलंसुरलं रेझिस्ट गरम सॉल्व्हंटनेच काढा, आणि ॲसिटोन चिपवर वाळू देऊ नका. ओली असतानाच आयसोप्रोपेनॉलमध्ये घाला, मग नायट्रोजनने वाळवा. नळाचं पाणी तर जवळही नको, त्यातल्या क्लोरीनने चांदीचं क्लोराइड होतं.

हाच दोष एएलडीच्या रेसिपीतही लपलेला असतो. प्लाझ्मा एएलडी किंवा ओझोनची रेसिपी निवडली की पहिली काही चक्रं थर वाढवण्याबरोबर उघड्या चांदीलाही ऑक्सिडाइझ करतात. चांदीवर सुरुवात पाण्यानेच करायची: ट्रायमिथाइल ॲल्युमिनियम आणि पाण्याची वाफ. प्लाझ्मा हवाच असेल तर आधी 5 नॅनोमीटर पाण्याने वाढवा, मग वळा. स्पटरिंगमध्ये (आयनांच्या माऱ्याने पदार्थ उडवून थर बसवताना) ऑक्सिजन सोडून सिलिका करतानाही हाच धोका आहे. तिथे आधी 1-2 नॅनोमीटर ॲल्युमिनियम धातू टाकतात, तो स्वतः ऑक्सिडाइझ होतो आणि खालची चांदी वाचते.

सामायिक सुविधेत काम करत असाल तर चेंबरचं लॉगबुक जरूर वाचा. झिंक सल्फाइड, मॉलिब्डेनम डायसल्फाइड असे थर एएलडीने करताना हायड्रोजन सल्फाइड वायू वापरतात. आदल्या दिवशी त्या चेंबरमध्ये असं काही झालं असेल तर तापलेल्या भिंतींतून गंधक निघत राहतो आणि तुमची चांदी पहिलं चक्र सुरू व्हायच्या आधीच पिवळी पडते. यात कोणाचा दोष नसतो. फक्त अशा दिवशी आपला नंबर पुढे ढकलायचा, किंवा आधी रिकाम्या चेंबरमध्ये 20-30 नॅनोमीटर ॲल्युमिना चढवून भिंती झाकून घ्यायच्या.

एएलडीची रेसिपी

पाठ्यपुस्तकी रेसिपी 200 अंशांची असते. चांदीच्या चकत्यांसाठी ती 80-100 अंशांवर आणा. पण तापमान उतरवलं की पाणी भिंतींना चिकटून बसतं. 200 अंशांना काही सेकंदांत निघून जाणारी वाफ 80 अंशांना अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त घेते. पर्ज (दोन वायूंच्या मध्ये चेंबर रिकामं करायचा वेळ) जुनाच ठेवला तर उरलेलं पाणी आणि नवा वायू हवेतच भेटतात आणि पूड पडल्यासारखा सैल थर वाढतो. हे पकडायची सोपी खूण: सोबत ठेवलेल्या सिलिकॉनच्या तुकड्यावर एलिप्सोमीटरने जाडी मोजा. 100 चक्रांना साधारण 10 नॅनोमीटर यायला हवी. 14-15 आली तर खूश होऊ नका, पर्ज वाढवा.

त्याच सिलिकॉनच्या तुकड्यावर आंधळा विश्वासही ठेवू नका. सिलिकॉनवर ऑक्साइड असतं, त्यावर एएलडी पहिल्या चक्रापासून पकड घेते. स्वच्छ चांदीवर तशी पकड नसते, थर बेटाबेटांनी सुरू होतो आणि बेटं जुळायला वेळ लागतो. सिलिकॉनवर 3 नॅनोमीटर दिसतंय म्हणून चांदीवर 3 नॅनोमीटरचा बंद थर आहे असं नसतं. 5 च्या खालच्या आकड्यावर मी संरक्षण धरत नाही. यावर चांगला तोडगा म्हणजे इव्हॅपोरेटरमध्ये चांदी टाकल्यावर व्हॅक्यूम न मोडता वर 2 नॅनोमीटर ॲल्युमिना टाकणं. माथ्याला आयता बंद झगा मिळतो, एएलडीला पकड मिळते, आणि लिफ्ट-ऑफमध्ये फक्त भिंती उघड्या राहतात. लिफ्ट-ऑफनंतर त्याच दिवशी एएलडी. उद्यावर ढकलायची वेळ आलीच तर नायट्रोजनच्या बॉक्समध्ये ठेवा.

ॲल्युमिना स्वतःच विरघळतो

हा मुद्दा मुंबई-कोकणात जास्त बोचतो. कमी तापमानाचा एएलडी ॲल्युमिना पाण्यात हळूहळू बिघडतो. हवेत 85-90 टक्के आर्द्रता, त्यात एसी बंद झाल्यावर चिपवर धरलेलं दंव, असं काही आठवडे चाललं की 10 नॅनोमीटरचा थर जागोजागी विरघळून छिद्रं पडतात. कोरड्या गावातल्या सहकाऱ्याची तीच रेसिपी वर्षभर टिकते आणि आपली जुलैमध्ये जाते, त्याचं कारण बहुतेक हेच.

उपाय म्हणजे वर 3-5 नॅनोमीटर हाफ्निया (हाफ्नियम ऑक्साइड) किंवा टायटॅनिया (टायटॅनियम डायऑक्साइड). दोन्ही पाण्याला दाद देत नाहीत. फक्त टायटॅनियासाठी कोणता वायू वापरताय ते विचारा. टायटॅनियम टेट्राक्लोराइड आणि पाणी यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, आणि खालच्या ॲल्युमिनात एक जरी छिद्र असेल तर आम्ल चांदीपर्यंत पोचतं. अमाइड किंवा आयसोप्रोपॉक्साइड प्रकारचा वायू असलेली रेसिपी मागा. अपवर्तनांकाचा फरकही गणितात धरा. टायटॅनिया 2.3-2.4 च्या आसपास आहे, 5 नॅनोमीटरनेही शिखर जाणवण्याइतकं सरकतं.

खोलीतला गंधक

यावर कोणी पैसे खर्च करत नाही, आणि खरंतर करावेही लागत नाहीत. हवेत हायड्रोजन सल्फाइड अब्जांशात काही भाग असला तरी उघड्या चांदीला पुरतो. सॅम्पलच्या डबीला लावलेलं रबरबँड, पुठ्ठ्याचं खोकं, काही हातमोजे, हे सगळे गंधकाचे स्रोत आहेत; रबर व्हल्कनाइझ करताना तर त्यात गंधक आणि गंधकयुक्त रसायनं घालतात. ओहोटीला खाडीचा वास येतो अशा जागी प्रयोगशाळा असेल तर बाहेरची हवाच पुरेशी आहे. आणि एक जागा हमखास विसरली जाते: बेसिनखालचा किंवा जमिनीवरचा वापरात नसलेला ड्रेन. त्याच्या ट्रॅपमधलं पाणी आटलं की गटाराचा वायू सरळ खोलीत येतो. आठवड्यातून एक बादली पाणी ओता.

मोजायचं असेल तर स्वच्छ चांदीची पट्टी महिनाभर टांगून ठेवा. सर्व्हर रूमसाठी वापरतात त्या आयएसए 71.04 मानकात सगळ्यात सौम्य वर्गाची मर्यादा चांदीवर महिन्याला 20 नॅनोमीटर गंज अशी आहे. म्हणजे संगणकासाठी उत्तम समजली जाणारी हवासुद्धा आपल्या 30 नॅनोमीटरच्या चकतीला झेपणारी नाही. साठवण नायट्रोजनच्या डेसिकेटरमध्येच करा, आत तांब्याचा स्वच्छ पत्रा टाका, वाटेतला गंधक तो खातो.

बदल लागू पडला का हे लवकर कसं कळेल

पावसाळ्याची वाट बघायची गरज नाही. बंद डब्यात मिठाचं संपृक्त द्रावण ठेवलं की आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिर राहते. सॅम्पल वर जाळीवर, द्रावणाचा शिंतोडा लागणार नाही इतकं उंच. ही दमटपणाची परीक्षा झाली. गंधकासाठी थायोॲसिटामाइडची चाचणी आहे, आयएसओ 4538 मध्ये तिची पद्धत दिलेली आहे. तिथे 75 टक्के आर्द्रतेसाठी सोडियम ॲसिटेटचं संपृक्त द्रावण वापरतात. थायोॲसिटामाइडमुळे कर्करोग होण्याची शक्यता मानली जाते, त्यामुळे सगळं फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालून, आणि ती डबी त्यानंतर दुसऱ्या कशालाही वापरायची नाही.

डब्यात तीन तुकडे एकत्र ठेवा: उघडी चांदी, सपाट चांदीवर नवं कोटिंग, आणि चकत्यांच्या जाळीवर तेच कोटिंग. उघडी काळी पडली नाही तर चाचणीच चाललेली नाही. सपाट वाचली आणि जाळी गेली तर परत भिंतींकडे जा.

बिघडलेलं सॅम्पल वाचवता येतं का

कोटिंगच्या आधी फिकट पिवळं पडलं असेल तर हायड्रोजन-आर्गॉनचा सौम्य प्लाझ्मा सल्फाइड आणि ऑक्साइड परत चांदीत आणतो, जुन्या चांदीच्या वस्तू जपणारेही ही पद्धत वापरतात. परत आलेली चांदी मूळच्या आकारात येत नाही, पृष्ठभाग खरखरीत राहतो, त्यामुळे अशा जाळीचं मोजमाप वेगळं नोंदवा आणि मूळ बॅचमध्ये मिसळू नका. कोटिंगच्या खाली काळं पडलेलं असेल तर वेळ घालवू नका. ती चिप तिरप्या सेमसाठी ठेवून द्या, कान बघायला कामी येईल.